सर्व्हर गेला, की नुसता गप्प आहे?

"दोन मशीन घेतली होती ना तुम्ही? मग बंद कसं पडलं?"

एका सहकारी बँकेच्या बैठकीत एका संचालकांनी मला हा प्रश्न विचारला होता. गृहस्थांची हयात साखर कारखान्यात गेलेली. कारखान्यात एक पंप बसला की शेजारचा स्टँडबाय पंप चालू करतात, व्हॉल्व्ह फिरवतात, काम पुढे चालतं. तेवढंच करायला तुम्हाला सव्वा तास का लागला, एवढं साधं त्यांचं म्हणणं. आदल्या रात्री डे-एंड, म्हणजे दिवसअखेरचा हिशेब, चालू असताना डेटाबेसचा सर्व्हर गेला होता. त्याचा जोडीदार शेजारच्या रॅकमध्ये धडधाकट होता. तरीही एटीएम सव्वा तास बंद राहिली. मी काहीबाही तांत्रिक बोललो; ते कुणाला पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

पंपाची उपमा एकाच ठिकाणी फसते. चुकून दोन्ही पंप चालू राहिले तर फार तर पाणी जास्त येईल. दोन डेटाबेस एकमेकांच्या नकळत एकाच खातेवहीत लिहायला बसले, तर सकाळी कुठली शिल्लक खरी हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दुसरा सर्व्हर सुरू करणं सोपं आहे, दोन कमांडचं काम. अवघड प्रश्न त्याच्या आधी येतो: पहिला नक्की मेलाय ना? हाय-अव्हेलेबिलिटी क्लस्टर नावाच्या सॉफ्टवेअरची जवळजवळ सगळी हुशारी या एका प्रश्नावर खर्च होते.

नऊंचा हिशेब

या धंद्यात उपलब्धता नऊच्या आकड्यांत मोजतात. "तीन नऊ" म्हणजे 99.9 टक्के. ऐकायला झकास, पण वर्षाला पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा त्यात आहे. "चार नऊ" म्हटलं की ती मुभा 52 मिनिटांवर येते, आणि "पाच नऊ"ला वर्षाकाठी सव्वापाच मिनिटं उरतात. भरपूर मेमरी असलेला मोठा सर्व्हर नुसता रीबूट व्हायलाच कधीकधी त्याहून जास्त वेळ घेतो. माणसाचं तर विचारूच नका. रात्री अडीचला फोन वाजणार, उशीखालचा चष्मा सापडणार, लॅपटॉप उघडून व्हीपीएन लागणार, यातच पंधरा मिनिटं गेली. तेव्हा पाच नऊ हवे असतील तर निर्णय माणसाकडे ठेवून चालत नाही. मशीन मेलं की नाही हे मशीननंच ठरवायचं.

जुनी घराणी

जिमी ट्रेबिग यांनी 1974 मध्ये कॅलिफोर्नियात टँडेम कंपनी काढली ती याच हिशेबावर. त्यांच्या नॉनस्टॉप संगणकात प्रत्येक महत्त्वाच्या प्रोसेसची एक जोडीदार प्रोसेस दुसऱ्या प्रोसेसरवर तयार बसलेली असे. 1976 मध्ये पहिलं यंत्र सिटीबँकेकडे गेलं. पुढं 1983 मध्ये डेक कंपनीनं व्हॅक्सक्लस्टर आणलं. स्वतंत्र संगणक एकत्र बांधायचे आणि बहुमतानं वागायला लावायचे ही कल्पना त्यात ठळकपणे आली. नव्वदीच्या दशकात आयबीएमचं एचएसीएमपी, एचपीचं सर्व्हिसगार्ड, व्हेरिटासचं क्लस्टर सर्व्हर अशी रांगच लागली. व्हेरिटासचं मोठं विकास केंद्र पुण्यात होतं, त्यामुळे फेन्सिंग आणि फेलओव्हर हे शब्द चहाच्या टपरीवर सहज बोलणारी मंडळी त्या शहरात आजही भेटतात. मायक्रोसॉफ्टनं 1997 मध्ये विंडोज एनटीसाठी आपलं क्लस्टर आणलं. त्याचं आतलं नाव वुल्फपॅक, म्हणजे लांडग्यांचा कळप.

फुकटातलं सॉफ्टवेअर त्यानंतर आलं. लिनक्स-एचए प्रकल्पाचं हार्टबीट सुरुवातीला दोन संगणकांमध्ये टाकलेल्या सीरियल केबलवरूनसुद्धा चालायचं. व्हिएन्नाच्या फिलिप राइस्नर यांनी डीआरबीडी लिहिलं. एका डिस्कवर लिहिलेलं नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाच्या डिस्कवर लगोलग उतरवण्याचं काम ते करतं, आणि 2010 पासून ते लिनक्सच्या मूळ गाभ्यात आहे. ॲन्ड्र्यू बीकहॉफ यांनी हार्टबीटच्या आतच क्लस्टरचा कारभारी लिहायला घेतला. तो पुढे वेगळा निघाला आणि पेसमेकर झाला. आज लिनक्सवर क्लस्टर म्हटलं की बहुतेक ठिकाणी खाली कोरोसिंक आणि वर पेसमेकर ही जोडी असते.

टँडेममध्ये काम करणाऱ्या जिम ग्रे यांनी 1985 मध्ये संगणक का बंद पडतात याचा हिशेब मांडला. त्यातले आकडे मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो. बंद पडण्याच्या घटनांपैकी 42 टक्के माणसांच्या कारभारामुळे, 25 टक्के सॉफ्टवेअरमुळे आणि हार्डवेअरमुळे अवघ्या 18 टक्के. मग प्रश्न पडतो, दोष सॉफ्टवेअरचा असेल तर तेच सॉफ्टवेअर दुसऱ्या मशीनवर चालवून काय साधणार? ग्रे यांचं उत्तर असं की तपासून बाहेर पडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये उरलेले बहुतेक दोष भुतासारखे असतात. विशिष्ट क्षणी, विशिष्ट योगायोगानंच ते दिसतात आणि बघायला गेलं की नाहीसे होतात. त्यांनी या दोषांना हायझेनबग म्हटलं. नव्या मशीनवर तोच प्रोग्राम कोऱ्या पाटीनं सुरू केला की तो योगायोग पुन्हा जुळत नाही. "एकदा बंद करून चालू करा" या सल्ल्याला इतका भारदस्त आधार आहे हे कळल्यावर मला हेल्पडेस्कवाल्यांबद्दल आदर वाटायला लागला.

आत काय चालतं

कोरोसिंकचं काम हजेरी घेण्याचं. क्लस्टरमधल्या मशीनना नोड म्हणतात. या नोडमध्ये एक टोकन हातोहात फिरत असतं, सेकंदात कितीतरी वेळा. ठरलेल्या वेळात, म्हणजे साधारण एक ते तीन सेकंदांत, टोकन परत आलं नाही की कोरोसिंक हजेरीपट नव्यानं मांडतो आणि जो बोलत नाही त्याचं नाव वगळतो.

हा नवा हजेरीपट पेसमेकरच्या हाती येतो. कोणती सेवा कुठं चालवायची, कशाच्या आधी काय, कशाबरोबर काय, हे त्याच्याकडे लिहून ठेवलेलं असतं. आमच्या बँकेत क्रम असा होता: आधी डिस्कचा भाग जोडायचा, मग डेटाबेस उठवायचा, शेवटी फिरता आयपी पत्ता लावायचा, आणि हे सगळं एकाच नोडवर. फिरता आयपी ही यातली गोड युक्ती आहे. शाखांमधले संगणक कुठल्याच सर्व्हरचा खरा पत्ता ओळखत नाहीत, ते फक्त हा पत्ता ओळखतात. डेटाबेस दुसरीकडे गेला की पत्ताही तिकडे जातो आणि नवा नोड नेटवर्कवर ओरडून सांगतो, "हा पत्ता आता माझा." शाखेतल्या कॅशियरला एखादा व्यवहार पुन्हा टाकावा लागतो, बाकी काही कळतही नाही.

प्रत्येक सेवेसाठी एक छोटी स्क्रिप्ट असते, तिला रिसोर्स एजंट म्हणतात. तिला सुरू कर, बंद कर आणि कशी आहेस बघ, एवढं यायला हवं. "चालू आहे" याचं उत्तर 0, "व्यवस्थित बंद आहे" याचं उत्तर 7. हा 7 फार मोलाचा. बंद असणं आणि बिघडलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरी लिहिलेल्या स्क्रिप्ट नेमक्या इथंच माती खातात. काहीही झालं तरी 1 परत करायचं अशी स्क्रिप्ट मी पाहिली आहे. बिचारा पेसमेकर निवांत बंद असलेली सेवा बिघडली समजून रात्रभर तिच्यामागं धावत होता.

आणखी एक बारकावा. सेवा सुरू झाली नाही तर पेसमेकर दुसरा नोड बघतो. पण "बंद हो" म्हटल्यावर बंद झाली नाही तर? मग ती अजून डिस्कवर लिहीत असू शकते, म्हणजे दुसरीकडे सुरू करणं धोक्याचं. अशा वेळी तो त्या नोडचीच वीज तोडायला सांगतो. एक सेवा ऐकत नाही म्हणून अख्खं मशीन बंद पाडणं आडदांडपणाचं वाटतं. पण त्याहून सौम्य आणि तरीही खात्रीचा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

गणपूर्ती

समजा पाच नोड आहेत आणि मधला स्विच बिघडल्यामुळे तिघं एका बाजूला, दोघं दुसऱ्या बाजूला पडले. कोणीच मेलेलं नाही, पण प्रत्येक गटाला पलीकडचे मेल्यासारखे दिसतात. इथं कोरम कामी येतो. आपल्याकडे याला गणपूर्ती हा नेमका शब्द आहेच. निम्म्याहून जास्त मतं ज्या गटात, त्यानं कारभार चालवायचा. दुसऱ्यानं हात वर करून गप्प बसायचं. तिघं चालवतील, दोघं थांबतील. निम्म्याहून जास्त असलेले गट एका वेळी दोन असूच शकत नाहीत, सगळी मेख यातच आहे.

कोरम समजावताना मी हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेचं उदाहरण देतो, पण ते उलटं. आपल्या सोसायट्यांत गणपूर्ती झाली नाही की सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते आणि मग त्याच जागी, तेवढ्याच सहा-सात जणांत, कोरमशिवाय पार पडते. चहा-वेफर्स तयारच असतात. आता कल्पना करा, सोसायटीचे दोन गट आहेत, दोघांनी वेगवेगळ्या गच्चीवर सभा बोलावली आणि दोघांनीही अर्धा तास थांबून आपापले ठराव मंजूर केले. एकाच सोसायटीचे दोन अध्यक्ष, दोन चेकबुकं. क्लस्टरच्या भाषेत याला स्प्लिट ब्रेन म्हणतात. म्हणून क्लस्टरला तहकूब सभेची सवलत नाही. कोरम नसेल तर सकाळपर्यंत नुसतं बसून राहायचं.

खरी पंचाईत दोनच नोड असतात तेव्हा होते, आणि बजेट मंजूर करणाऱ्यांच्या कृपेनं बहुतेक ठिकाणी दोनच असतात. दोघांत बहुमत कसलं? बोलणं तुटलं की दोघंही एकेक मताचे. त्यावर दोन इलाज आहेत. एक म्हणजे तिसरीकडे, शक्यतो वेगळ्या इमारतीत, एखादा लहानसा संगणक नुसता मत देण्यापुरता ठेवायचा. दुसरा म्हणजे कोरमची अट सैल करायची आणि सगळा भार फेन्सिंगवर, म्हणजे संशयित नोडला सक्तीनं बाजूला काढण्यावर, टाकायचा. आमच्याकडे दुसरा होता.

आधी डोक्यात गोळी

फेन्सिंगचं लिनक्सवाल्यांनी ठेवलेलं नाव स्टोनिथ. "दुसऱ्या नोडच्या डोक्यात गोळी घाला" या अर्थाच्या इंग्रजी वाक्याची ती आद्याक्षरं. विनोद क्रूर आहे, तर्क पक्का आहे. शेजारी बोलत नाही म्हणजे तो मेला असेल, किंवा त्याची केबल सुटली असेल, किंवा कामाच्या ओझ्यानं त्याला उत्तर द्यायला फुरसत नसेल. बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं. हा आपल्या हुशारीचा तोकडेपणा नाही. निरोपाला किती वेळ लागेल याची कमाल मर्यादाच नसेल, तर एखादा संगणक बंद पडण्याची शक्यता असताना इतरांचं एकमत हमखास घडवून आणणारी ठाशीव रीत असूच शकत नाही, हे फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघांनी 1985 मध्ये गणितानं सिद्ध केलं आहे. मेला की हळू झालाय हे ओळखता येत नाही ना, मग तो मेलेलाच असेल अशी व्यवस्था करायची. त्याची वीज तोडायची, तुटल्याची पावती घ्यायची आणि मगच त्याच्या खुर्चीवर बसायचं.

मराठी माणसाला हे खरं तर शिकवायला नको. पानिपतावर 1761 मध्ये सदाशिवरावभाऊ पडले, पण पडले याबद्दल सगळ्यांची खात्री पटली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर ते मान्यच केलं नाही. त्या संशयाच्या फटीतून भाऊंचा तोतया उभा राहिला, त्याला माणसं मिळाली, आणि 1776 मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत पेशवाईला त्याचा उपद्रव झाला. जाण्याची पावती नव्हती, एवढंच.

वीज तोडायची साधनं वेगवेगळी. सर्व्हरच्या मदरबोर्डवरच एक छोटा वेगळा संगणक असतो, मुख्य मशीन बंद असलं तरी तो जागा असतो. त्याला सांगून वीज बंद करता येते. रॅकमधली वीजपट्टी, म्हणजे पीडीयू, नेटवर्कवरून हुकूम घेणारी असेल तर तिचा एकेक सॉकेट तोडता येतो. सामायिक डिस्कवर समोरच्या नोडसाठी विषाची चिठ्ठी लिहून ठेवायची आणि ती वाचून त्यानं स्वतःच मरायचं, अशीही एक पद्धत आहे. ती वाचण्याच्या अवस्थेतही तो नसेल तर त्याच्या आतला वॉचडॉग टायमर त्याला रीबूट करतो. आणि डिस्कच कुलूपबंद करून त्या नोडला लिहू न देणं हा व्हेरिटासवाल्यांचा आवडता मार्ग.

आता त्या रात्रीकडे येऊ. रात्री दोनच्या सुमारास पहिला नोड खरोखरच गेला. दुसऱ्यानं काही सेकंदांत ओळखलं आणि पहिल्याच्या मदरबोर्डवरच्या त्या छोट्या संगणकाला हुकूम पाठवला, वीज बंद कर. उत्तर नाही. पुन्हा पाठवला. उत्तर नाही. मी पोचलो तेव्हा स्क्रीनवर पहिल्या नोडच्या नावापुढं "अनक्लीन, ऑफलाइन" असे दोन शब्द होते, आणि खाली फेन्सिंग अयशस्वी झाल्याच्या ओळींची रांग. गंमत अशी की त्या सर्व्हरचे दोन्ही पॉवर सप्लाय कुणीतरी एकाच पीडीयूत लावले होते आणि त्या पीडीयूचा ब्रेकर पडला होता. मुख्य मशीन गेलं, त्याबरोबर तो छोटा संगणकही गेला. पावती देणाराच मेलेला. दुसरा नोड शहाण्यासारखा बसून राहिला, कारण पहिला मेलाय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी रॅकमागं जाऊन बॅटरीच्या उजेडात बघितलं. एकही दिवा नाही, पंखे थांबलेले. दोन्ही वायरी उपटून हातात घेतल्या आणि मग क्लस्टरला हातानं पावती देण्याची कमांड टाइप केली. ती आधी बजावते: हा नोड बंद नसेल तर डेटा खराब होईल, पुढं जायचं का? "वाय" दाबलं. चाळीसेक सेकंदांत डेटाबेस उठला. सव्वा तास गेला तो मी घरून येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी एका अनुभवी कंत्राटदारानं सुचवलं, "स्टोनिथच बंद करून टाका, कटकट नको." पेसमेकरमध्ये त्यासाठी एक ओळ पुरते, आणि कित्येक ठिकाणी गो-लाइव्हच्या घाईत ती ओळ टाकलेली मी पाहिली आहे. त्या रात्री ती ओळ असती तर बँक मिनिटभरात चालू झाली असती. नंतर कधीतरी नुसती केबल सुटली असती, तर मात्र दोन्ही नोडनी खातेवही उघडली असती. आम्ही ओळ टाकली नाही. वायरी दोन वेगळ्या पीडीयूंत लावल्या आणि फेन्सिंगची दुसरी पायरी म्हणून त्या पीडीयूच जोडल्या.

43 सेकंद

एवढं सगळं करूनही डेटा आणि नेतृत्व यांची फारकत झाली तर काय होतं, ते प्रोग्रामर मंडळी आपला कोड ठेवतात त्या गिटहबनं स्वतःच सविस्तर लिहून ठेवलं आहे. 21 ऑक्टोबर 2018. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्यांच्या नेटवर्क केंद्रात एक बिघडलेलं ऑप्टिकल उपकरण बदलायचं काम चालू होतं. त्यात मुख्य डेटा सेंटरशी संपर्क तुटला आणि 43 सेकंदांत परत आला. पण तेवढ्यात डेटाबेसचा प्रमुख निवडणाऱ्या सॉफ्टवेअरनं उरलेल्या ठिकाणी कोरम जमवला आणि पश्चिम किनाऱ्यावरचे डेटाबेस प्रमुख नेमले.

नियमानं बघितलं तर चूक काहीच नव्हती, बहुमत खरं होतं. पण पूर्वेकडच्या डेटाबेसवर काही लेखन असं झालं होतं की ते पश्चिमेला पोचलंच नव्हतं. आता दोन्हीकडे असं काही होतं, जे दुसरीकडे नव्हतं. एका वर्दळीच्या क्लस्टरवर त्या फटीत 954 लेखनं अडकली होती. त्यांनी घाईनं उलटं फिरण्याऐवजी डेटा जपायचं ठरवलं, बॅकअपवरून उभारणी केली, आणि सेवा पूर्ववत व्हायला 24 तास 11 मिनिटं लागली. 43 सेकंद नुसतं थांबून राहिले असते तर बहुतेकांच्या लक्षातही आलं नसतं. पण थांबायचं की हलायचं हे त्या 43 सेकंदांच्या आतच ठरवायचं असतं, आणि तेव्हा ते 43 आहेत हे कुणालाच माहीत नसतं.

कुबरनेटीस आलं, मग?

नव्या पिढीला पेसमेकर आजोबांच्या वयाचा वाटतो. कुबरनेटीस या नव्या व्यवस्थेत नोड गेला की त्यावरचे पॉड, म्हणजे तिथं चालू असलेली कामं, दुसरीकडे आपोआप उभे राहतात, मग ही फेन्सिंगची पुराणं कशाला? वेबसाइटसारख्या, स्वतःजवळ काही न साठवणाऱ्या कामाला ते खरंच पुरतं. एकाऐवजी दोन चालल्या तरी बिघडत नाही, पंपासारखंच. पण डेटाबेससाठी वापरतात त्या स्टेटफुलसेटचा पॉड संपर्क तुटलेल्या नोडवर असेल, तर कुबरनेटीस त्याची जागा परस्पर भरत नाही. तो नोड गेलाच आहे असं कुणीतरी ठामपणे सांगेपर्यंत थांबतं. त्याच्या पोटातल्या ईटीसीडी या डेटाबेसचं गणितही जुनंच, तीन किंवा पाच सदस्य आणि बहुमत. गच्ची बदलली, गणपूर्ती तीच.

केबल ओढून बघा

क्लस्टर लावलं आणि तपासलं नाही, तर ते नाहीच असं धरावं. तपासण्याचीही एक रीत आहे. नेटवर्क कार्ड कमांडनं बंद करणं ही आवडती पण लबाड चाचणी. जुन्या कोरोसिंकला त्यानं भलताच चकवा बसायचा. खरी केबल ओढावी. कर्नल मुद्दाम पाडावा. डिस्क भरून टाकावी. आणि आमच्यासारखं शिकायचं असेल तर पीडीयूचा ब्रेकर पाडावा.

बँकेतल्या त्या घटनेनंतर महिन्याभरानं एका शनिवारी रात्री आम्ही अशी चाचणी घेतली. साखर कारखानावाले संचालक मुद्दाम आले होते, हातात स्टीलचा थर्मास. मी चालत्या नोडची नेटवर्क केबल ओढली. पाच-सात सेकंद काहीच नाही. मग त्या सर्व्हरचे पंखे एकदम थांबले आणि शेजारच्याचे वाढले. मोबाइलवर चालू ठेवलेला पिंग अडतीस सेकंद अडला आणि परत सुरू झाला.

"हे तुम्ही बंद केलंत?" त्यांनी थांबलेल्या सर्व्हरकडे बोट केलं.

"नाही साहेब. ह्यानं केलं," मी शेजारच्याकडे दाखवलं.

त्यांनी दोन्ही रॅक नीट बघितले, थर्मास उघडला. "बरं. मग आता पहिल्यावर परत कधी न्यायचं?"

"न्यायचं नाही. दोघं सारखेच आहेत, आणि परत नेणं म्हणजे पुन्हा अडतीस सेकंद."

"पंपाचंही तसंच करतो आम्ही," ते म्हणाले आणि मला चहा ओतून दिला.